मालकांना दाखवायच्या लडी

एके दिवशी मी प्रश्न मोजलेच. सकाळी कारखान्याचं दार उघडल्यापासून दुपारी डब्याचं झाकण काढेपर्यंत मला त्रेचाळीस वेळा काही ना काही विचारलं गेलं. मालक, मोजेवाल्याचा राखाडी आधी घ्यायचा की गणवेशवाल्यांचा निळा? मालक, मीठ नव्या पोत्यातलं काढू की जुनं संपवू? मालक, मागच्या नळाचा वायसर गेलाय, बदलू का? मालक, सुताच्या लडी चार-चारच्या बांधू की सहा-सहाच्या? चव्वेचाळिसावा प्रश्न आक्काचा होता. "जेवतोयस ना?" एवढंच तिने विचारलं, आणि मी तिच्या अंगावर गेलो. जेवायचं की नाही हेही आता मीच ठरवायचं का, असं काहीतरी बोललो. ती माझी थोरली बहीण, पुढच्या टेबलावर बसून मालाची आवक-जावक बघते. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्या दिवशी घरी जाताना मी तिला तो आकडा सांगितला. त्रेचाळीस. तक्रार म्हणून सांगितला, पण खरं सांगायचं तर आवाजात थोडी ऐट होती. ती मला आता आठवते आणि लाज वाटते.

आमचा सूत रंगवायचा कारखाना आहे. वडिलांनी काढलेला. पुढच्या खोलीत माझं टेबल, रंगाच्या पुडीचे डबे, एक शेगडी आणि तिच्यावर चाचणीचं पातेलं. मागच्या खोलीत चार टाक्या आणि वाफ. तिच्या मागे लडी वाळवायचं अंगण. माणसं सात. भिंतीवर वडिलांच्या हातची पाटी: विचारल्याशिवाय हात लावू नये. वडिलांच्या काळी ती पाटी नव्या माणसांसाठी होती. मी ती सगळ्यांसाठी केली, आणि वीस वर्षं तिच्याखाली बसून माझं डोकं फिरतं असं सगळ्यांना सांगत राहिलो.

रंग मी डोळ्याने करायचो. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे साठ-सत्तर रंग माझ्या डोक्यात होते. नमुना समोर ठेवून रंग जुळवतो तो कारकून, असं वडील म्हणायचे. मी पातेल्यात थोडं पाणी उकळायचो, चमच्याने पूड टाकायचो, सुताचा तुकडा बुडवायचो, खिडकीशी नेऊन बघायचो. डोक्यातला रंग आणि हातातला रंग एक झाला की तीन वाट्या भरायच्या: लाल, पिवळा, निळा. त्या वाट्या वाफाळ्यांच्या हाती द्यायच्या आणि म्हणायचं, टाका. वाफाळे आमचे टाकीवाले. हे त्यांचं खरं नाव नव्हे, खरं नाव फक्त आक्काच्या हजेरीपुस्तकात आहे. तीस वर्षं वाफेत उभे राहून माणूस जसा होईल तसे ते आहेत: ओलसर आणि कमी बोलणारे. टाकी झाली की ते एक लडी घेऊन पुढे यायचे, मी ती खिडकीशी धरायचो आणि मान हलवायचो. मग माल बांधायचा. माझ्या मानेशिवाय एक दोरा बाहेर जात नसे. अशी माझी समजूत होती.

माझी लेक त्या कारखान्यातच वाढली. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली, मग आक्काने तिला मोठं केलं आणि बाकीचं लडींच्या ढिगाऱ्यांनी. शिकून आली ती रंगाचंच शिकून. पहिल्या दिवसापासून मला म्हणायला लागली, बाबा, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते कागदावर काढू. प्रत्येक रंगाचं एक कार्ड. त्यावर पुडीचं वजन, मिठाचं वजन, किती वेळ, किती गरम, आणि कोपऱ्यात त्या रंगाच्या सुताची गाठ. म्हणजे तुम्हाला कुणी विचारायला नको. मला ते पटायचं. जीव मेटाकुटीला आलेला असायचा, कुणी सुटकेचा रस्ता दाखवला तर पटतोच. मी म्हणायचो, करू, सवड मिळाली की करू. सवड मिळावी म्हणून जे करायचं, ते करायला आधी सवड हवी, हे कोडं काही मला सुटलं नाही. आणि मनातलं सांगायचं तर ते सुटावं असंही मला वाटत नव्हतं. सगळं कार्डावर गेलं तर मग टेबलापाशी बसून मी काय करायचं?

शेवटी तिने वाट बघणं सोडलं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी कारखान्यात आलो तर माझ्या टेबलावर वजनकाटा. नवा, काचेच्या पेटीतला. शेजारी चाळीस कार्डं, तिच्या गोल अक्षरात भरलेली. सातही माणसं उभी. तिने म्हटलं, बाबा, आजपासून वाट्या आपण तोलून बघूया.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. सात माणसांसमोर पोरगी बापाचा हात तोलून बघणार, एवढंच डोक्यात शिरलं. मी तो काटा उचलला आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवला. म्हणालो, "हे काय मीठ-मिरचीचं दुकान आहे? माझ्या डोळ्यावर विश्वास नसेल तर दार उघडं आहे."

ती म्हणाली, "बाबा, आपण घरी बोलू."

"घरी कशाला? असेल ते इथे बोल."

तिने सातही जणांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं आणि मिटलं. पिशवी घेतली आणि गेली. महिन्याभरात दुसऱ्या गावी नोकरीला लागली, वर्षभराने तिथेच स्वतःचा लहानसा कारखाना काढला, विणकामाच्या लोकरीला रंग द्यायचा. बोलणं राहिलं, पण कसं? तब्येत बरी आहे का, हो बरी आहे. आमच्यात रंगाखेरीज दुसरा विषय कधी नव्हताच, आणि तो एक मी पायरीवर ठेवून आलो होतो.

ती गेल्यावर प्रश्न वाढले. आधी दिवसाला दहा-पंधरा असायचे, ते तीस झाले, चाळीस झाले. रात्री झोपेतही कुणीतरी मालक, मालक म्हणतंय असं वाटायचं. जेवण पोटात जिरेना. आणि त्यातच डोळे. कडेला धुरकट दिसायचं, संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसायचं. आक्काने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा जास्त, लवकर काढून टाकू, प्रत्येक वेळी तीन आठवडे पूड आणि वाफ बंद. मी हसलो. तीन आठवडे! तीन तास मी उठून गेलो तर तिकडे घोडं अडतं. आक्काने तारीख घेतली, मी मोडली. तिने दुसरी घेतली, तीही मोडली. तिसऱ्या वेळी तर मी डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला: मालक, शेवाळी रंगाच्या लडी उन्हात घालू की सावलीत? मी तिथूनच परत फिरलो. शेवाळी लडी सावलीत वाळतात हे आमच्याकडे भिंतींनाही माहीत आहे. मी फोनवर शिव्या घातल्या, पण गेलो.

मग यंदा एका सकाळी टेबलापाशी डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली. डोळा लाल, उलट्या, समोरची खिडकी नुसती पांढरी. आक्का गाडी करून घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं: मोतीबिंदू पार पिकला होता, डोळ्यातला दाब चढला, आतली नस दबली. डावा डोळा गेला. उजव्याची शस्त्रक्रिया त्यांनी नंतर केली, ती चांगली झाली. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर," एवढं म्हणून त्या थांबल्या. चांगल्या बाई आहेत, पुढचं बोलल्या नाहीत.

लेकीला कळवू नकोस, असं मी आक्काला बजावलं. तिला वाटेल, बाप हरला. आक्का म्हणाली, "तुझ्या डोक्यात अजून तेच चाललंय?" पण कळवलं नाही.

घरी पडून राहिलो. फोन उशाशी. पहिल्या दिवशी वाटलं, आज कुणी विचारणार नाही, माणसं लाज धरतील. दुसऱ्या दिवशी मी फोनची घंटी चालू आहे का ते बघितलं. तिसऱ्या दिवशी आक्काला सांगून तिच्या फोनवरून लावून बघितला. वाजला. चौथा, पाचवा, आठवा. आक्का संध्याकाळी यायची, मी विचारायचो, सगळं ठीक? ती म्हणायची, ठीक. मोजेवाल्याचा माल? गेला. गणवेशवाल्यांचा? तोही गेला. कुणी केले रंग? झाले, ती म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. मी पडल्या पडल्या हिशेब करत होतो की किती माल परत येईल, किती गिऱ्हाइकं तुटतील. खरं सांगतो, थोडी तुटावीत असं वाटत होतं.

दहाव्या दिवशी राहवलं नाही. डोळ्यावर काळा चष्मा लावून चालत गेलो.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. माझं टेबल पुसलेलं होतं, पातेलं पालथं घातलेलं. पाटी जागेवर होती. आणि ती खोली मला ओळखू येईना, कारण सगळे डबे, भिंती, खिडकी धुऊन काढल्यासारखे दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता रंग वेगळे दिसतील, मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं आणि निळा फिका पडतो, माणसाला कळतही नाही. मी ते कानाआड केलं होतं. मला रंगाचं कोण सांगणार?

मागच्या खोलीत मी किती वर्षांनी गेलो कोण जाणे. पुढे माणसं मला घेरून असायची, उठायला सवड नसायची. दारात उभा राहिलो. चारही टाक्या चालू होत्या. वाफाळे टाकीवर वाकले होते, दोन माणसं लडी फिरवत होती, लडी बांधणाऱ्या बाई अंगणाच्या दाराशी गुणगुणत होत्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. त्या खोलीत मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

कोपऱ्यातल्या टेबलावर वजनकाटा होता. काचेच्या पेटीतला. काच पुसून लख्ख, एका बाजूने तडा गेलेला, तो मी पायरीवर ठेवला तेव्हाचा असणार. शेजारी पत्र्याची लांबट पेटी, तिच्यात कार्डं. पहिली चाळीस गोल अक्षरातली. पुढची शंभरेक वाफाळ्यांच्या अक्षरात, वेडीवाकडी, पण एकही रकाना रिकामा नाही. वाफाळ्यांना लिहिता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मी एक कार्ड काढलं. मोजेवाल्याचा राखाडी. लालाचं वजन, पिवळ्याचं वजन, निळ्याचं वजन. त्याखाली दुसरी ओळ: मालकांच्या वाटीतून निळा इतका काढून ठेवणे. दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं. प्रत्येकावर ती ओळ. सुरुवातीच्या कार्डांवर निळा थोडा काढलेला, पुढे पुढे जास्त, या वर्षीच्या कार्डांवर जवळजवळ तिसरा हिस्सा. माझ्या डोळ्यात पडदा जसा जाड होत गेला तसा मी निळा ओतत गेलो होतो, आणि पडद्याच्या जाडीची नोंद इथे ग्रॅममध्ये ठेवलेली होती.

"मालक," वाफाळे मागे येऊन उभे होते. मी वाट बघितली. पण तो प्रश्न नव्हता, नुसतंच मालक होतं.

"आणि मी मान हलवायचो ती लडी?" मी विचारलं. "ती तर मला बरोबर दिसायची."

वाफाळ्यांनी टाकीकडे बघितलं, मग जमिनीकडे. मग टेबलाखालचा खण ओढला. आत लडी होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी. खणाच्या पट्टीवर आक्काच्या अक्षरात लिहिलेलं होतं: मालकांना दाखवायच्या.

"तुमच्या वाटीच्या मापाने लहान भांड्यात वेगळी करायचो," वाफाळे म्हणाले. "टाकीतली दाखवली की तुम्ही म्हणायचात, पिवळी पडली."

मी ती राखाडी लडी उचलली आणि अंगणाच्या दाराशी, उजेडात नेली. राखाडी नव्हती ती. निळी होती, शाईच्या डागासारखी. मी शेवाळी काढली, तीही निळी. विटकरी म्हणून जी चिठ्ठी होती ती जांभळी. सगळा खण निळ्याकडे झुकलेला. तीन वर्षं मी या लडी खिडकीशी धरून मान हलवत होतो, आणि समोर माणसं गंभीर चेहऱ्याने उभी राहत होती. अंगणात दोरीवर मोजेवाल्याचा आजचा राखाडी वाळत होता. अगदी राखाडी. वडिलांनी केला असता तसा.

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडा आपणच ओढतोय. ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल.

आक्का माल पोचवून आली तेव्हा मी तिच्याच टेबलावर बसलो होतो, समोर खण ठेवून. तिने एकदा बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. घाबरली नाही. तिचा चेहरा दमलेला दिसला. तोही मी कितीतरी दिवसांनी स्वच्छ बघत होतो.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं होतं? पोरीने सांगायचा प्रयत्न केला, तिला दार दाखवलंस. ती गेली त्याच्या पुढच्या महिन्यात वाफाळ्यांनी तुला न विचारता कार्डावरून टाकी लावली. आठवतं? रंग चांगला आला होता. तू काय केलंस?"

मला आठवलं. मी टाकीचा बोळा काढला होता. भरलेली टाकी, सुतासकट. सगळं पाणी गटारात जाईपर्यंत उभा राहिलो होतो.

"त्या दिवशी आम्ही ठरवलं," आक्का म्हणाली. "विचारायचं. माहीत असलं तरी विचारायचं. मीठ कुठलं, लडी किती, ऊन की सावली. तुझ्यापुढे विचारायचं आणि मागे जाऊन कार्डावरून करायचं. कुणी दोन तास विचारलं नाही की तू उठून मागे यायला लागायचास. मग मी कुणाला तरी पुढे पाठवायचे, जा, काहीतरी विचारून ये."

मी खणातल्या चिठ्ठ्या चाळत राहिलो.

"तुला बरं वाटायचं," ती म्हणाली. "घरी येऊन आकडा सांगायचास."

"मला बरं वाटायचं? आक्का, त्या प्रश्नांनी माझा जीव चालला होता. त्या प्रश्नांपायी मी डॉक्टरच्या दारातून परत आलो. शेवाळी लडी उन्हात की सावलीत."

"तो फोन लडी बांधणाऱ्या बाईने केला होता," आक्का म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं तिला. तिला सवय झाली होती. अकरा वाजले की एक प्रश्न तिचा." तिने खणातली एक लडी उगाच सरळ केली. "तीन तारखा मी घेतल्या. तू प्रत्येक वेळी म्हणालास, कारखाना कोण बघेल? आता मी काय म्हणणार होते? कारखाना बघितला जातोय, तू जा? ते सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? याही वेळी बोळा काढला असतास."

"काढला असता," मी म्हणालो. "पण डोळा राहिला असता."

"हो," ती म्हणाली. "राहिला असता." आणि ती रडायला लागली. आक्काला रडताना मी वडील गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. मी तिचा हात धरायला हवा होता. पण डाव्या बाजूला ती नक्की किती लांब बसली आहे ते मला कळेना. हात टेबलावरच राहिला.

ती तोंड धुवायला गेली तेव्हा मी पेटीतलं पहिलं कार्ड काढलं. अगदी पहिलं. आकाशी रंगाचं. त्या रंगाचं तिला लहानपणी वेड होतं, दप्तराला लोंबत असायची तसली लडी. पुढच्या बाजूला वजनं, आणि तीच ओळ, पण तिच्या अक्षरात: बाबांच्या वाटीतून निळा थोडा कमी. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: बाबांना निळा कमी दिसतोय. डोळे दाखवायला न्यायचं. माणसांसमोर बोलायचं नाही, घरी सांगायचं.

तारीख मी काटा पायरीवर ठेवला त्याच्या आदल्या दिवसाची होती.

मला एवढंच दिसत होतं, की तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सात माणसांसमोर बापाचा डोळा झाकायला ती गप्प बसली आणि त्याच डोळ्यासाठी बापाने तिला घालवलं. हे दुःख आहे की शिक्षा, मला ठरवता येत नव्हतं. माझं काही चुकलं असेल असं मला आयुष्यात फारसं वाटलेलं नाही. त्या दुपारी दुसरं काही वाटलंच नाही.

मी तिला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"बोला बाबा." धापा टाकल्यासारखा आवाज. मागे पाण्याचा आणि माणसांचा गलबला.

"कामात आहेस?"

"असतेच. बोला ना. एक मिनिट हं." कुणीतरी काहीतरी विचारलं, ती म्हणाली, नाही, ती नको, दुसरी. "हं, बोला."

"तुझी कार्डं बघितली आज."

मागून कुणीतरी म्हणालं, ताई, लोकर आत्ता काढायची का? ती म्हणाली, पाच मिनिटांनी. मग मला म्हणाली, "आत्याने सांगितलं तुम्हाला?"

"मीच बघितली. पहिल्या कार्डाच्या मागचंही." बोलायला शब्द शोधावे लागत होते. "डावा डोळा गेला, बाई. उजवा केला, तो चांगला आहे. आकाशी आता दिसतो मला, अगदी तुझ्या दप्तराला होता तसा."

फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता ती मी सांगत होते असं म्हणेल. म्हणावं असं वाटत होतं. तिने म्हटलं नाही. "कधी?" एवढंच विचारलं, आणि तिचा आवाज फाटला. तेवढ्यात पुन्हा कुणीतरी ताई म्हणालं, आणि ती तशाच फाटक्या आवाजात म्हणाली, मोठ्या चमच्याने, सपाट. मग दुसरं कुणीतरी, आणि ती म्हणाली, मी येऊन बघते, हात लावू नका.

हात लावू नका. माझ्या समोरच्या भिंतीवर पाटी होती.

"ये एकदा," मी म्हणालो. "जमेल तेव्हा. कामासाठी नाही, काम चालतंय इथलं. मला तुला बघायचंय."

"येते बाबा. येणारच. पण या महिन्यात..." ती थांबली. "इथे माझ्याशिवाय पान हलत नाही हो. चार जणी आहेत, पण सगळं मलाच बघावं लागतं. मी दोन दिवस आले तर काय होईल सांगता येत नाही."

"तिथे कार्डं नाही केलीस?"

"करायची आहेत," ती म्हणाली. "जरा सवड मिळाली की करते."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सवड मिळत नसते, आजच कर, काटा टेबलावर ठेव, पाटी लावू नकोस, आणि तुला जे विचारतायत त्यांना खरंच माहीत नाही का हे एकदा विचार. सगळं ओठांवर आलं. पण तिने विचारलं नव्हतं. तिच्याकडे कुणी वेळ विचारत होतं, कुणी झाकण मागत होतं, आणि मला माझ्याच बोलण्याची खात्री राहिली नव्हती. "हं," मी म्हणालो. "डोळे सांभाळ."

"हो बाबा. ठेवते हं. टाकी लागलीय."

फोन बंद झाला. आक्का दारात उभी होती, तिने विचारलं, येतेय का? मी मान हलवली, आणि ती हो होती की नाही, ते तिलाही कळलं नसेल. चार मिनिटांचं बोलणं होतं. तेवढ्यात लेकीला नऊ वेळा विचारलं गेलं. मोजायची सवय माझी अजून गेलेली नाही.